आंकडा आणि नांव

१

युद्धस्मारक ही शिल्पाची किंवा राजकारणाची बाब आहे असें सामान्यतः समजलें जातें. ती वाङ्मयाचीही बाब आहे, इकडे मात्र आमच्या टीकाकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. ज्या दगडावर चार शब्द कोरलेले आहेत, तो दगड त्या चार शब्दांपुरता ग्रंथच होय. त्याला लेखक असतो, वाचक असतो, हेतु असतो, शैली असते. आणि काय सांगावयाचें व काय गाळावयाचें याची निवडही त्यांत झालेली असते. किंबहुना इतर ग्रंथांपेक्षां ही निवड अधिक कडक असते, कारण दगडाची दुसरी आवृत्ति निघत नाहीं. अशा लेखास टीकेची कसोटी लावणें अनाठायीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पहिलें महायुद्ध संपल्यावर त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील अनेक गांवीं सरकारनें लहान लहान शिळा बसविल्या. पुणें, सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील जुन्या चावड्यांवर, शाळांच्या भिंतींत किंवा वेशीपाशीं त्या अद्याप आढळतात. मजकूर बहुधा इंग्रजी आणि सर्वत्र एकच : ह्या गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले, १९१४ ते १९१९, त्यांपैकीं इतक्यांनीं आपले प्राण दिले. याहून अधिक एक अक्षर नाहीं.

हा मजकूर जरा सावकाश वाचून पाहावा. या दोन वाक्यांत विशेषनाम एकही नाहीं. शिपायाचें नाहीं, पलटणीचें नाहीं, रणभूमीचें नाहीं. इतकेंच नव्हे, तर गांवाचेंसुद्धां नाहीं, कारण गांव 'ह्या' या दर्शक सर्वनामामागें लपलेलें आहे. ही शिळा उचलून दहा कोसांवरील दुसऱ्या गांवीं नेली, तर आंकड्यापलीकडे तींत कांहीं बदलावें लागणार नाहीं. छापील अर्जांत मोकळी जागा सोडलेली असते, तींत कारकून आंकडा भरतो. तसा हा दगड भरलेला आहे. 'गेले' या क्रियापदांत कोठें गेले तें नाहीं, कोणीं नेलें तेंही नाहीं. 'प्राण दिले' यांत देणाऱ्याची इच्छा गृहीत धरली आहे. परंतु जो हगवणीनें, तापानें किंवा उपासमारीनें तंबूत मेला, त्यानें प्राण दिले कीं त्याचे प्राण गेले, हा प्रश्न त्या शब्दाखालीं झांकून जातो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भाषा. ज्या आईच्या किंवा बायकोच्या घरासमोर ही शिळा बसली, तिला ती वाचतां येणार नव्हती. लेख तिच्याविषयींचा होता, तिच्यासाठीं नव्हता.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव 'अपशिंगे मिलिटरी' या नांवानेंच ओळखलें जातें. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ शिपाई पडले, अशी त्याची ख्याति आहे. गांवाच्या नांवापुढें 'मिलिटरी' ही उपाधि कायमची चिकटली, आणि ती ज्यांनीं मिळवून दिली ते मात्र जगाच्या दृष्टीनें एका आंकड्यांत मिटून गेले. हा एका गांवाचा दोष नव्हे. ही स्मरणाची एक पद्धतच आहे, आणि तिचें परीक्षण करणें हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

या विषयाचा पुण्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो नांवांतूनच सुरू होतो. नोव्हेंबर १९१४ मध्यें इराणी आखाताच्या टोकाशीं फाव येथें जें हिंदी सैन्य उतरलें, त्याचें अधिकृत नांव 'सहावें (पुणें) डिव्हिजन' असें होतें. त्या मोहिमेच्या इंग्रजी इतिहासांत पुण्याचें नांव पानोपानीं येतें. आमच्या शहराच्या स्वतःच्या इतिहासांत मात्र त्या डिव्हिजनला एखादी ओळ मिळाली तर मिळते.

अर्थात् डिव्हिजनच्या नांवांत पुणें असल्यानें तिचे सर्व शिपाई पुणेकर होते असें नाहीं. तींत इंग्रजी पलटणी होत्या, पंजाबी होत्या, राजपूतही होते. परंतु तिच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. या पलटणींची भरती कोंकणांतून, मावळांतून, सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यांतून होत असे. पुण्यांत स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर उभें राहून गाड्यांवरील पाट्या वाचल्या, तर सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, महाड, चिपळूण अशी जी नामावळि डोळ्यांपुढून जाते, तीच जवळजवळ त्या भरतीच्या मुलखाची यादी होय. खुद्द 'स्वारगेट' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याचा पूर्वार्ध फारशी, उत्तरार्ध इंग्रजी, आणि उच्चारणारा मराठी. शहराच्या तोंडाशीं स्वारांची चौकी असे म्हणून हें नांव पडलें, अशी समजूत आहे. भुयारी रेल्वेच्या स्थानकापर्यंत तें नांव उतरलें. ते स्वार कोण, हें मात्र त्यांत उरलें नाहीं. शहरें अशींच लक्षांत ठेवतात : पदवी ठेवतात आणि माणूस सोडतात.

या पुणें डिव्हिजनची हकीकत थोडक्यांत अशी. नोव्हेंबर १९१४ मध्यें बसरा हातीं आलें, डिसेंबरांत कुर्ना पडलें, एप्रिल १९१५ मध्यें शैबा येथें तुर्कांचा हल्ला परतविला, जूनमध्यें अमारा व सप्टेंबरांत कूत घेतलें. येथपर्यंत यश मिळत गेलें, आणि त्या यशानेंच घात केला. सेनापति टाउनशेंड यांस पुरेसें सैन्य, नौका व औषधें नसतां बगदादकडे जाण्याचा हुकूम झाला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं, प्राचीन टेसिफॉनच्या भग्न कमानीच्या परिसरांत, ज्याला तेथील लोक सलमान पाक म्हणतात त्या ठिकाणीं, लढाई झाली. पहिली तुर्की फळी फुटली, पण तिच्यासाठीं इतकी माणसें पडलीं कीं, पुढें जाण्याचें बळच उरलें नाहीं. जखमींना बिनस्प्रिंगांच्या गाड्यांतून नदीकांठीं आणण्यांत आलें. त्यांच्या त्या हालांचा बोभाटा पुढें विलायतेंत झाला आणि चौकशीही बसली. डिव्हिजन मागें हटली व ३ डिसेंबरास तैग्रिस नदीच्या एका वळणांतील कूत-अल-अमारा या गांवांत येऊन थांबली. चार दिवसांनीं वेढा पडला.

हा वेढा जवळजवळ पांच महिने चालला. बाहेरून सोडविण्यास आलेल्या फौजा पुन्हां पुन्हां अडल्या. शत्रूच्या खंदकांनीं कांहीं, नदीच्या पुरानें कांहीं. आंत धान्य होतें तेंही दळलेलें नव्हतें. दळण्यासाठीं जात्याचे दगड विमानांतून खालीं टाकावे लागले. ज्या मुलखांतून हे शिपाई गेले, त्या मुलखांत पहाटेच्या जात्यावर बायका ओव्या म्हणत होत्या, आणि इकडे त्यांच्या माणसांसाठीं जातें आकाशांतून येत होतें. घोडे मारून खाण्याची वेळ आली, तेव्हां बहुतेक हिंदी शिपायांनीं तें मांस नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञा तारेनें मागविण्यांत आल्या. तरीही बहुतेकांनीं तें एप्रिल उजाडेपर्यंत तोंडास लावलें नाहीं. त्यांच्या या नकाराचें कोणी हट्ट म्हणून वर्णन करतात, कोणी अज्ञान म्हणून. परंतु ज्याच्यापाशीं स्वतःचें म्हणावें असें दुसरें कांहीं उरलें नाहीं, तो आपला नेम तरी सोडीत नाहीं, हें ज्या वाचकानें उपासतापास पाळणारें घर पाहिलें आहे, त्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

२९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें तुर्कांच्या हातीं गेलीं. सेनापतींस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर राहावयास घर मिळालें. शिपायांस वाळवंटांतून अनवाणी चालविण्यांत आलें, आणि त्यांतले जे हिंदी शिपाई वांचले, त्यांतील पुष्कळांस रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यांत आलें. तेथें किती जण मातीखालीं गेले, याचे अंदाज आहेत. पुन्हां आंकडेच.

युद्धाची अखेरही मराठी पलटणींनीं पाहिली. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या आठवड्यांत मोसलच्या वाटेवर शर्कात येथें तुर्की सैन्याशीं निकराची झुंज झाली, आणि तींत ११४ वी मराठा पलटण पुढें होती. ३० ऑक्टोबरास तुर्कांनीं शस्त्रसंधीवर सही केली. म्हणजे फाव येथील पहिल्या दिवसापासून शर्कातच्या शेवटच्या रात्रीपर्यंत या मोहिमेंत मराठी बोलणारा माणूस होता. त्याची बोली त्या वाळवंटानें चार वर्षें ऐकली. आमच्या वाङ्मयानें मात्र ती तेथून आलेली ऐकली नाहीं.

३

या माणसांविषयीं दुसऱ्यांनीं काय लिहिलें, तें आधीं पाहूं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत वार्ताहर असलेले एडमंड कँडलर यांचें 'द सिपॉय' हें पुस्तक १९१९ सालीं निघालें. हिंदी शिपायाविषयीं त्या काळीं इतक्या आस्थेनें लिहिणारे इंग्रज थोडे होते, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. मराठ्यांवरही त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु पुस्तकाची मांडणीच अशी कीं, गुरखा, शीख, पठाण, डोग्रा, मराठा असें एकेका जमातीस एकेक प्रकरण. लेखकाची नजर सहानुभूतीची असली, तरी ती नमुना शोधणारी आहे. प्राणिसंग्रहालयांत पिंजऱ्यावर पाटी असते, ती जातीची असते. आंतल्या प्राण्याचें नांव तिच्यावर नसतें. लढवय्या जाति व बिनलढवय्या जाति या साम्राज्याच्या आवडत्या सिद्धांतानें गौरवही केला तो जातीचा केला, आणि त्यामुळें गौरवाच्या क्षणींच माणूस हरवला.

हीच दृष्टि दगडांत उतरली. मेसोपोटेमियांत ज्यांना कबर लाभली नाहीं, अशांसाठीं बसरा येथें १९२९ सालीं मोठें स्मारक उभारण्यांत आलें. चाळीस हजारांहून अधिक मृतांचें तें स्मारक. त्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याचें नांव आहे, ब्रिटिश शिपायाचें आहे, हिंदी अधिकाऱ्याचेंही आहे. हिंदी शिपायाचें मात्र नाहीं. त्याच्या पलटणीखालीं 'आणि इतके शिपाई' असा आंकडा कोरला आहे. फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथें १९२७ सालीं जें स्मारक झालें, त्यावर हिंदी शिपायांचीं नांवें कोरलीं गेलीं. म्हणजे नांवें कोरणें अशक्य नव्हतें. युरोपच्या डोळ्यांसमोर नांव, आणि युरोपच्या नजरेआड आंकडा, असा हा भेद झाला. पुढें १९९७ सालीं सद्दाम हुसेन यांच्या राजवटींत बसऱ्याचें स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटांत नेऊन उभें करण्यांत आलें. ज्यांचीं नांवेंच नव्हतीं, त्यांना ठिकाणही राहिलें नाहीं.

ही टीका आमचीच आहे असें नव्हे. ज्या संस्थेनें हीं स्मारकें उभारलीं, तिच्याच समितीनें एप्रिल २०२१ मध्यें अहवाल प्रसिद्ध करून हा भेद कबूल केला. पंचेचाळीस ते चोपन्न हजार मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि किमान एक लाख सोळा हजार, कदाचित् साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचें स्मरण नांवानिशीं किंवा मुळींच झालें नाहीं, असें त्या अहवालांत म्हटलें आहे. संस्थेनें क्षमाही मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, हें झालें ही चांगली गोष्ट होय.

याच्या शेजारीं आमच्या खडकीचें उदाहरण ठेवून पाहावें. तेथील युद्धस्मशानांत, पहिल्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरींची देखभाल पुढें शक्य राहिली नाहीं अशा अठराशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें कोरलेलीं आहेत. परमुलखांतून आलेला माणूस पुण्याच्या मातींत नांवानिशीं राहिला; पुण्याच्या नांवानें गेलेला माणूस परमुलखाच्या मातींत आंकडा झाला. आम्हांस खडकीचा हेवा नाहीं. उलट स्मरण कसें करावें याचा धडा आमच्या दारांतच आहे, एवढेंच दाखवावयाचें आहे.

४

परंतु परक्यांस दोष देणें सोपें. मराठी वाङ्मयानें काय केलें, हा खरा प्रश्न आहे, आणि टीकाकारानें तोच विचारला पाहिजे.

नांव जपणें हा मराठी युद्धवाङ्मयाचा जुना धर्म आहे. पानिपतच्या बखरी पाहा. तो दारुण पराभव. तरीही बखरकार पथकांमागून पथकें आणि सरदारांमागून सरदार नांवानिशीं मोजीत जातो. कोण कोठें उभा होता, कोण कोणाच्या बाजूस पडला, हें सांगतांना त्याची लेखणी थकत नाहीं. पोवाड्याचें तर नांव हें अर्धें बळ आहे. तानाजी मालुसरे, सूर्याजी, शेलारमामा हीं नांवें मुलांना पाठ्यपुस्तकाआधीं शाहिराकडून कळतात. या वाङ्मयाचा प्रभाव केवढा आहे याचा एक पुरावा सैन्यांतच सांपडतो. मेसोपोटेमियांत लढलेल्या पलटणींची वारस अशी जी आजची मराठा लाइट इन्फंट्री, ती आपला रेजिमेंट-दिन ४ फेब्रुवारीस पाळते. तो दिवस कूतचा नव्हे, शर्कातचा नव्हे; तो १६७० सालच्या सिंहगडाचा. ज्या लढाईचा पोवाडा आहे, ती साडेतीनशें वर्षें जुनी असूनही जवळची वाटते. ज्या लढाईचा पोवाडा नाहीं, ती पणजोबांची असूनही परकी वाटते. सिंहगडाचा मान थोडाही कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्मृति ही काळाच्या अंतरानें ठरत नाहीं, वाङ्मयानें ठरते.

मग कूतचा पोवाडा कां झाला नाहीं? याचीं दोन कारणें आम्हांस दिसतात.

पहिलें राजकीय. हें युद्ध आपलें नव्हतें. त्या काळच्या पुण्याचें मन या बाबतींत द्विधा होतें. लोकमान्य टिळक सैन्यभरतीस सरसकट विरोधी नव्हते. भरती हवी तर हक्क द्या, अशी त्यांची भूमिका होती. १० जून १९१८ रोजीं मुंबईच्या युद्धपरिषदेंत ही अट ते मांडूं लागतांच गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांना थांबविलें, आणि टिळक सभा सोडून निघून गेले. ज्या युद्धाविषयीं बोलण्यास पुढाऱ्याला बंदी, त्याविषयीं कवीनें गावें तरी काय? विजय गावा तर तो साम्राज्याचा होतो. पराभव गावा तर राजद्रोह होतो. मध्यें उरतो तो शिपाई, आणि त्याच्यापुरतें गाणें कोणास सुचलें नाहीं.

दुसरें कारण सामाजिक, आणि तें अधिक अवघड आहे. लिहिणारे एका आळींतले होते आणि लढणारे दुसऱ्या. पुण्याच्या पेठांत मासिकें निघत होतीं, त्यांचा वाचक व लेखक पांढरपेशा होता. भरती होत होती ती कुणब्यांच्या, मराठ्यांच्या, महारांच्या घरांतून. १९१७ सालीं उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ पर्यंत मोडूनही टाकण्यांत आली, आणि त्या घटनेची वेदना मराठी ललित वाङ्मयाच्या अंगणापर्यंत पोंचली नाहीं. वर्तमानपत्रांतून युद्धवार्ता येत होत्या, पण वार्ता ही सेनापतीची असते; शिपाई वाङ्मयाच्याच वाटेनें येऊं शकतो, आणि ती वाट आमच्याकडे बंद होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं परिस्थिति कांहींशी बदलली, तरी फळ तेंच राहिलें. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ सालची कादंबरी युद्धछायेंतील मराठी कादंबऱ्यांत निःसंशय श्रेष्ठ आहे. परंतु ती रणभूमीवर घडत नाहीं. ती बोटीवर घडते. तिचें रणांगण माणसाच्या मनांत आहे. लेखकाला तो अधिकार आहेच, आणि कलाकृति म्हणून आमची तिच्याविषयीं तक्रार नाहीं. तक्रार ही कीं, तिच्या शेजारीं दुसरी, खंदकांतून लिहिलेली कादंबरी नाहीं.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळांत कुसुमाग्रजांच्या 'अनाम वीरा'नें महाराष्ट्राला भारून टाकलें. त्या कवितेचें मोठेपण वादातीत आहे. पण तिच्या लोकप्रियतेचा एक गैर उपयोग आम्हीं करून घेतला : अनामता हीच वीराची शोभा, असें आम्ही मानूं लागलों. लंडनमध्यें १९२० सालीं अज्ञात सैनिकाची समाधि झाली, तिचा अर्थ आधीं समजून घेतला पाहिजे. तेथें लाखों सैनिकांचीं नांवें इतरत्र कोरलीं जात होतीं, म्हणून ज्याचें नांव खरोखरच कळलें नाहीं, त्याला राजांच्या शेजारीं जागा दिली. अनामता हा तेथें अपवाद होता. जेथें ती नियम होते, तेथें ती गौरव नव्हे. तेथें तें केवळ दुर्लक्ष होय.

५

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

एक असा कीं, आमच्या वीरगळांवर तरी नांवें कोठें असतात? महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळ अक्षरशून्य आहेत, हें खरें. परंतु वीरगळ एका माणसाचा असतो. खालच्या चौकटींत तो लढतो, मधल्या चौकटींत अप्सरा त्याला नेतात, वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसतो. त्याचा घोडा, त्याची ढाल, कधीं तो ज्यांच्यासाठीं मेला त्या गाई, हें सारें त्यांत येतें. नांव नसलें तरी त्याचें मरण त्याचें स्वतःचें राहतें. एका दगडावर चाळीस माणसें एका आंकड्यांत भरणें ही कल्पना वीरगळ घडविणाऱ्या पाथरवटास सुचलीच नसती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. परक्याच्या चाकरींत, परक्याच्या लोभासाठीं, दुसऱ्या गुलाम देशांत जाऊन जे मेले, त्यांचें गुणगान आपण कां करावें? या आक्षेपाचें उत्तर आम्हांस पुण्याजवळच, भीमेच्या कांठीं मिळतें. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें पेशव्यांचें सैन्य व कंपनीची एक पलटण यांची गांठ पडली. त्या लढाईच्या निकालाविषयीं व अर्थाविषयीं वाद आहेत. त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. कंपनीनें तेथें स्तंभ उभारला तो स्वतःच्या वैभवासाठीं, याविषयीं मात्र कोणासच शंका नसावी. परंतु तो उभारतांना तिनें एक गोष्ट केली : पडलेल्यांचीं नांवें कोरलीं. त्यांत 'नाक' या उत्तरपदाचीं बावीस महार नांवें आहेत. शंभर वर्षें तो स्तंभ साम्राज्याचाच होता. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले, आणि त्या दिवसापासून दगड तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. ज्यांना समाजानें हत्यार धरण्यास अयोग्य ठरविलें होतें, त्यांच्या पूर्वजांचा पुरावा त्या दगडावर होता. हा अर्थ कंपनीच्या मनांत स्वप्नींही नव्हता. तो निघूं शकला, कारण तेथें नांवें होतीं. समजा, त्या स्तंभावर 'या पलटणीचे इतके शिपाई' एवढेंच असतें, तर त्यांतून पुढच्या पिढीस काय काढतां आलें असतें? आंकड्याचा वारस कोणी होत नाहीं.

म्हणून आमचें उत्तर असें : नांव कोरणें म्हणजे गुणगान नव्हे. गुणगान झालें कीं अर्थ ठरून जातो. नांव राहिलें कीं अर्थ मोकळा राहतो. कूतला गेलेल्या माणसास शूर म्हणावें, फसलेला म्हणावें, पोटासाठीं गेलेला म्हणावें, कीं यांतलें सर्वच म्हणावें, हें त्याचा पणतू ठरवील. परंतु त्यासाठीं त्याला पणजोबा सांपडला पाहिजे.

६

तो सांपडणें आतां अशक्य राहिलेलें नाहीं. बसऱ्याच्या दगडावर नसलेलीं नांवें नोंदवह्यांत होतीं, आणि त्या नोंदी आज कोणासही पाहावयास खुल्या आहेत. त्यांतील पुष्कळ नोंदींत शिपायाच्या नांवाबरोबर बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हाही दिलेला आढळतो. अडचण आहे ती अक्षरांची. इंग्रज कारकुनानें मराठी नांव जसें कानीं पडलें तसें लिहिलें. आडनांवांचे उच्चार मोडले, गांवांचीं नांवें ओळखूं येईनाशीं झालीं. कोरेगांवच्या 'नॅक'मध्यें 'नाक' ओळखण्यास ज्याप्रमाणें मराठी कान लागला, त्याप्रमाणें या नोंदवह्यांतील नांवें पुन्हां मराठींत आणण्यास मराठी कानच लागेल. हें काम सैन्याच्या कचेरीचें नव्हे, इतिहासकाराचेंही एकट्याचें नव्हे. पाठभेद लावणें, अपपाठ दुरुस्त करणें, मूळ शब्दापर्यंत पोंचणें हें भाषेच्या अभ्यासकाचें काम आहे. ज्या विद्वत्तेनें ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या, तिला चाळीस शिपायांचीं नांवें शुद्ध करणें जड जाऊं नये.

असें काम होऊं शकतें, याचा दाखलाही पुण्यांतच आहे. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं जात्यावरील ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आणि त्यांत ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव नोंदविलेलें आहे. ज्या ओवीचा कर्ता शोधण्याची प्रथाच नव्हती, तिलाही नांव मिळालें. संग्राहकांस लोकसाहित्य 'लोकांचें' आहे एवढ्यावर थांबावयाचें नव्हतें. तें कोणाकोणाचें आहे हें त्यांस सांगावयाचें होतें. युद्धाच्या स्मरणासही हीच दृष्टि हवी.

नांव हातीं आलें कीं पुढचें आपोआप घडतें. रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत एकट्यानें लढतां लढतां पडले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकामुळें नांव राहिलें. नांव राहिलें म्हणून माणगांवांत त्यांचा पुतळा झाला, आणि २०२३ सालीं इटलींतील मोंतोने या गांवीं त्यांच्या नांवें सूर्यघटिकेच्या रूपांत स्मारकही झालें. इटलीच्या त्या मोहिमेंत हिंदी सैन्याचीं पांच हजारांहून अधिक माणसें कामास आलीं. पदक सर्वांस मिळत नाहीं, मिळूंही नये. पण नांव हें पदक नव्हे. तें प्रत्येकाचें बारशालाच झालेलें असतें.

गांवोगांवच्या त्या जुन्या शिळा काढून टाकाव्या, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्या एका राजवटीच्या शैलीचे अस्सल नमुने आहेत, आणि अभ्यासकानें त्या आहेत तशाच जपल्या पाहिजेत. त्यांच्या शेजारीं दुसरी शिळा बसवावी, एवढीच आमची सूचना आहे. शाळेच्या शिक्षकानें नोंदवही पाहावी, गांवच्या म्हाताऱ्यांस विचारावें, जुळतील तेवढीं नांवें जुळवावींत, आणि ग्रामपंचायतीनें तीं कोरवून घ्यावींत. बापाच्या नांवासह, वाडीच्या नांवासह, आणि कूत, टेसिफॉन, शर्कात, रास-अल-ऐन यांपैकीं जें ठिकाण असेल त्याच्या नांवासह. मजकूर मराठींत असावा. विशेषण एकही नसलें तरी चालेल.